आतून लावलेलं दार

सरोजिनीबाईंच्या घरी मूठ आधी आणि चहा मागाहून, असा शिरस्ता होता. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, देवपूजा, आणि मग डब्यातली मूठभर बाजरी पदराच्या टोकात घेऊन त्या मळ्याच्या नदीकडच्या कोपऱ्याला निघत. तिथे जुन्या कडुनिंबाखाली शेंदऱ्या गणपतीचं हातभर उंचीचं देऊळ आहे, आणि देवळाच्या पाठीशी, निंबाच्या मुळांमध्ये, एक बीळ. बिळाच्या तोंडाशी मूठ सोडायची, "वाहना, जेवून घे" असं मनात म्हणायचं आणि माघारी वळायचं. त्याआधी अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. हा नेम त्यांना सासूबाईंनी, म्हणजे वत्सलाबाईंनी दिला होता. वत्सलाबाईंना त्यांच्या सासूबाईंनी. त्यापलीकडे तो कुठवर जातो, ते सांगायला कुणी उरलं नव्हतं.

मळा दिंडोरीच्या अलीकडे, कादवेच्या काठी. पंचवटीत यात्रेकरूंची पूजाअर्चा सांगणाऱ्या पणजोबांना कुणा यजमानाने तो दान दिलेला. वत्सलाबाई थकल्या तेव्हा त्यांच्या मुलाने, शरच्चंद्रांनी, बँकेतून थोडी आधीच निवृत्ती घेतली, पंचवटीतलं घर धाकट्या भावाच्या हवाली केलं आणि दोघं नवराबायको मळ्यावर राहायला आली. द्राक्षबाग गावातल्या कोंडाजीने वाट्याने केली होती. त्यांच्याकडे फक्त घर, फुलझाडं आणि निंबाचा तो कोपरा होता.

मूठ दिली जाई ती कुठल्याही उंदराला नव्हे. वत्सलाबाई त्याला हरणउंदीर म्हणत. सून नवी होती तेव्हा एकदा तिन्हीसांजेला त्यांनी तिला लांबून दाखवला होता. वाळल्या गवताच्या रंगाचं अंग, पांढरं पोट, काजळ घातल्यासारखे मोठे डोळे, अंगाहून लांब शेपटी आणि शेपटीच्या टोकाला काळा झुपका. मागच्या पायांवर उभा राहून त्याने दोघींकडे पाहिलं आणि खरोखर हरणासारखी उडी घेऊन तो गवतात गेला.

"हा गरीब आहे हो," वत्सलाबाई म्हणाल्या होत्या. "पाणीसुद्धा मागत नाही. आणि शिस्तीचा. उजाडलं की घरात जाऊन आतून माती लोटतो आणि दार लावून घेतो. दार लावलेलं दिसलं म्हणजे समजावं, स्वारी घरात आहे."

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली होती. मूठ सोडली की वळायचं, मागे बघायचं नाही. जेवणाऱ्याकडे बघू नये, त्याला अन्न गोड लागत नाही.

सरोजिनीबाई सांगितलेलं मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. मोठ्याने बोलणं त्यांना जमत नसे, आणि एखादी गोष्ट करायची ठरली की ती मनाशी ठरे, लोकांना मागाहून कळे. मूठ सोडून त्या वळत ते थेट घराकडे. दार लावलेलं आहे का, हे सुरुवातीची काही वर्षं त्या ओझरतं बघून घेत. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरत गेला, निंबाखालच्या सावलीत माती आणि मूळ एकच दिसू लागलं, आणि बघायचं नाहीच आहे तर न दिसण्याचं दुःख तरी कशाला, असं म्हणून त्यांनी शस्त्रक्रियाही लांबवली. दुसऱ्या दिवशी बाजरी संपलेली असे. तेवढं पुरे होतं.

यंदा नवरात्र झाल्यावर शरच्चंद्रांनी त्यांना नाशिकला नेऊन दोन्ही डोळे करून आणले. कार्तिकातल्या एका सकाळी पट्टी, चष्मा, थेंब सगळ्यातून मोकळ्या होऊन त्या निंबाखाली गेल्या, वाकल्या, आणि मूठ तशीच हातात राहिली.

बीळ उघडं होतं. नुसतं उघडं नव्हे, त्याचं तोंड नारळ आत जाईल एवढं रुंद होतं. बाहेर काळ्या, ओल्या ढेकळांचा ढीग पडला होता. दार लावल्याची खूण कुठेच नव्हती.

त्या कितीतरी वेळ वाकलेल्याच राहिल्या. पाठीमागून कोंडाजीचा आवाज आला. तो ठिबकच्या नळ्या तपासत बांधापर्यंत आला होता.

"काकू, आता दिसाया लागलंय तर नीट बघून घ्या. ते काय तुमचं हरणउंदीर नाय. घूस हे ती."

"कधीपासून रे?"

"आता काय सांगावं. माझ्या ध्यानात आल्यालाच लय दिवस झाले. तुम्हाला सांगायचं म्हणलं, तर तानू म्हणाली, म्हातारीच्या देवात पडू नका." एवढं बोलून तो स्वतःच ओशाळला. "म्हणजे, तसं नाय म्हणली ती."

"म्हणाली असेल," सरोजिनीबाई हलकेच म्हणाल्या. "मग बाजरी कोण खात होतं?"

"तीच की. खाऊन खाऊन म्हशीएवढी झालीय. सगळ्या बिळांत औषध टाकलं मी, या एका बिळाला हात नाय लावला, तुमचा नेम म्हणून. आन् ती इथं बसून माझ्या नळ्या कुरतडती, मुळ्या खाती. आता तुमचा देवाचा उंदीरच नाय राहिला, तर टाकू द्या ना औषध."

सरोजिनीबाईंनी मूठ उघडली नाही. "चतुर्थीपर्यंत थांब," एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी बाजरी परत डब्यात टाकली नाही, वेगळ्या वाटीत ठेवली. चहाला नको म्हणाल्या. दुपारी पानावर बसल्या नाहीत. दूध आणि केळं घेतलं. रात्री पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी शरच्चंद्रांनी पेपर खाली ठेवला. "सरोज, आज काय आहे? एकादशी तर झाली."

त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मूठ द्यायची ती त्याला. मग आपण जेवायचं. तो केव्हाच गेला, आणि मी जेवत राहिले. किती वर्षं, कोण जाणे. आता नेम मोडला म्हणून उद्यापन करून खाली ठेवायचा, की काय करायचं, ते कळेपर्यंत मला अन्न जाणार नाही."

"अगं, वाहनाची इतकी चौकशी आरटीओसुद्धा करत नाही."

त्या हसल्या नाहीत. मग शरच्चंद्रही हसले नाहीत. पेपर घडी करताना म्हणाले, "रक्तदाबाच्या गोळ्या मात्र चुकवू नकोस. आणि तुझ्या त्या भाचीला विचार. सगळं शिक्षण तिने बिळांतच घालवलंय."

यशश्री म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. पुण्याला विद्यापीठात होती. जमिनीत बिळं करणारे लहान प्राणी आणि ते ज्या मातीत राहतात ती माती, असा काहीतरी तिचा अभ्यास होता. गणपतीनंतरच्या पुरात कादवेचा काठ कोसळला, तेव्हापासून ती अधूनमधून येऊन त्या उघड्या पडलेल्या दरडीत काम करत असे आणि मुक्कामाला मावशीकडे असे. पण ती दरडीवर नेमकं काय करते, हे मावशीने कधी विचारलं नव्हतं. डबा भरून द्यायचा, एवढंच.

"यशू, तुला उंदरांचं कळतं ना गं?" सरोजिनीबाईंनी फोनवर विचारलं.

"मावशी, आपल्या अख्ख्या खानदानात मला हे कुणी मानाने विचारलं नव्हतं. आई तर पाहुण्यांना सांगते, मुलगी पर्यावरणात आहे."

"मग ये. मला एकाला शोधायचं आहे."

यशश्री आली ती खांद्यावर पिशवी, पायात बूट आणि कानाला टोपी अशी. कार्तिकातली थंडी होती, द्राक्षांचे घड नुकतेच भरू लागले होते. निंबाखाली उकिडवी बसून तिने बीळ बघितलं, ढेकूळ बोटांत चुरायचा प्रयत्न केला, ते चुरलं नाही, चिकटलं.

"घूसच आहे, मावशी. आणि तो इथे राहणं शक्यच नाही आता. ही माती बघ. त्याला भुसभुशीत, पाणी न धरणारी जमीन लागते. लावायला दारसुद्धा तशाच मातीचं लागतं ना? चिकट मातीचं दार कसं लावणार तो? आणि ओल आली की बिळाचं छत बसतं. घुशीला उलट असंच आवडतं, ओलं आणि जड."

"आधी नव्हती का ओली?"

"आधी हा कोपरा कोरडवाहू होता ना? आता कालव्याचं पाणी, वर शेततळं, बारमाही ठिबक. आणि पाऊसही हल्ली दिवाळी ओलांडून पडतोय."

शेततळं करायचं ठरलं तेव्हा कोंडाजीने आधी सरोजिनीबाईंनाच विचारलं होतं, आणि त्यांनी अक्षता घालून पहिल्या कुदळीची पूजा केली होती. यशश्रीने मावशीचा चेहरा बघितला आणि ढेकूळ टाकून हात झटकले.

"चल, तुला काहीतरी दाखवते. सावकाश उतरावं लागेल. काकांना बोलवू का हाताला?"

"नको. त्यांना खाली उतरवायला आणखी दोघं लागतील."

नदीत पाणी घोट्याएवढंच होतं. पात्रातून वर बघितलं की त्यांचाच मळा भिंतीसारखा उभा दिसत होता. सुरीने वडी कापावी तसा पुराने काठ सरळ कापून नेला होता. दोन पुरुष उंचीची ती भिंत. अगदी वर निंबाची मुळं आणि त्यातून लोंबणारी ठिबकची एक काळी नळी. सरोजिनीबाई आयुष्यात प्रथमच आपल्या जमिनीला पायाकडून बघत होत्या.

यशश्रीने पिशवीतून लहान थापी आणि पाण्याची फवारणीची बाटली काढली. भिंतीचा एक पट्टा तिने आधीच तासून ठेवला होता. त्यावर पाणी मारलं तसे रंग उमलून आले.

"तळाला गोटे. ते सोड. त्याच्यावर ही पिवळी, बघ. आता या पिवळीत काय दिसतं?"

पिवळ्या मातीत जागोजागी तपकिरी गोल ठिपके होते. कुठे गोल, कुठे लांबट, कुठे बोटासारखे वाकडे. मुठीहून थोडे लहान.

"कुणी गूळ ठेवल्यासारखं," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"ती बिळं आहेत. म्हणजे होती. रिकामं बीळ वरून झिरपणाऱ्या मातीने भरून येतं, आणि ती माती वेगळ्या रंगाची असली की बिळाचा ठसा राहतो. ही पिवळी माती बसली तेव्हा इथला पाऊस फार कमी झाला असावा. नदीत जोर नव्हता, झाडी विरळ, नुसतं गवत. आणि त्या गवतात तुझा हरणउंदीर."

"माझा?"

"याचा दात मिळालाय मला. पुढच्या वरच्या दातावर उभी खाच असते याच्या. तशीच आहे." यशश्री एक पाऊल बाजूला सरकली. थापी वर नेली. "आता ही काळी. पाऊस वाढला. पाणी साचायला लागलं, माती चिकट झाली. हिच्यात लहान ठिपके नाहीत, बघ. एकही नाही. तो गेला. आणि हे मोठे?"

काळ्या थरात राखाडी रंगाचे मोठे, बेढब गोळे होते.

"घूस," सरोजिनीबाई आपोआप म्हणाल्या.

"घूस किंवा तिच्या जवळचं कुणीतरी. हाड सापडल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. आणि आता वर बघ. हा हातभर वाळूचा थर. पुन्हा कोरडं झालं."

त्या वाळूच्या थरात पुन्हा लहान ठिपके होते. तेवढेच. तसेच.

"परत आला?"

"परत आला. आणि त्याच्यावर आपली आजची जमीन, निंब, गणपती, कोंडाजीदादाची नळी. सासूबाईंनी तुला दाखवला तो या वरच्या खेपेतला."

सरोजिनीबाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पुन्हा खालून वर. त्यांना वाटत होतं, नेम आपल्या घरात चार पिढ्यांचा आहे. त्या चार पिढ्या भिंतीच्या अगदी वरच्या काठाला, मुळं सुरू होतात तिथे, बोटभर जाडीतसुद्धा नव्हत्या.

"किती वर्षं झाली असतील गं?"

"माती तपासायला दिली आहे. खालचा थर हजारो वर्षांचा असणार, पण किती हजार ते आत्ता नाही सांगता येणार."

"प्रभू पंचवटीत आले, त्याच्या आधीचा की नंतरचा?"

यशश्री हसली नाही. थापी पुसत ती म्हणाली, "ते मला मातीतून नाही वाचता येत, मावशी."

मग ती गुडघ्यांवर बसली आणि भिंतीच्या पायथ्याजवळ, पिवळ्या थरावर लावलेलं एक ओलं फडकं तिने हळूच उचललं. "हे मला गेल्या खेपेला मिळालं. तुला दाखवायचं होतं, पण तू नुसती डबे देत होतीस."

तिथे एक बीळ लांबीत कापलं गेलं होतं, त्यामुळे ते सबंध दिसत होतं. खाली लहानसं गोल दालन. तिथून वर चढत गेलेली तपकिरी वाट. आणि वाटेच्या शेवटी, जिथे तोंड असायचं तिथे, बोटाच्या पेराएवढा वेगळ्याच मातीचा बोळा. भुसभुशीत, बारीक, आतून बाहेर लोटलेला. त्याच्यावर पुराच्या गाळाची एक सलग, न मोडलेली रेघ.

यशश्री काही सांगायच्या आत सरोजिनीबाईंना ते कळलं.

"दार लावलेलं आहे," त्या म्हणाल्या.

"हो. मीही तेच म्हणते. वरून पडलेली माती अशी बसत नाही. ही आतून लोटलेली आहे. नंतर गाळ आला आणि ते तसंच राहिलं."

"आणि तो?"

"दात या दालनातच मिळाला."

पाणी दगडांवरून वाहत होतं त्याचा तेवढा आवाज येत होता. सरोजिनीबाईंनी पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. कुठल्यातरी एका सकाळी, जेव्हा या नदीला नाव नव्हतं, मळा नव्हता, मूठ द्यायला कुणी नव्हतं, तेव्हा हा एवढासा जीव उजाडताना घरी आला होता. पाठमोरा होऊन त्याने मागच्या पायांनी माती लोटली होती, दार लावलं होतं आणि निजला होता. आणि ते दार कुणी उघडलं नव्हतं. राज्यं आली नि गेली, पाऊस वाढला नि आटला, वर एक अख्खी जमीन जाऊन दुसरी आली, तरी आत स्वारी घरात आहे असंच दार सांगत होतं. वत्सलाबाईंनी सांगितलेली खूण. जशीच्या तशी.

पदर सावरून त्यांनी हात जोडले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी स्वतःच ते ओलं फडकं उचलून पुन्हा त्यावर लावलं, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालतात तसं.

निंबाशी आल्यावर सरोजिनीबाई म्हणाल्या, "म्हणजे या खेपेला आपण घालवलं त्याला."

"थोडं आपणच, हो. खोटं कशाला बोलू? एरवी जमीन अशी ओली व्हायला कित्येक पिढ्या लागल्या असत्या, आपण एकीतच भिजवली. पण तो मेला नाही गं. सरकला. त्याचा मुलूख म्हणजे काही दगडी कुंपण नव्हे, नदीच्या पात्रासारखा असतो. कधी पसरतो, कधी आक्रसतो. हवा आणि माती मिळून ठरवतात कुठवर."

"मग आता कुठे असेल?"

ते सांगितलं तानुबाईने, कोंडाजीच्या बायकोने. ती गवताचा भारा घेऊन बांधावरून चालली होती, ती थांबली. "ते बारीक, उड्या मारत्यात ते? ते वर बरडावर हायेत की, कालव्याच्या पल्याड. माझ्या शेळ्या चरत्यात तिथं. कधीपासून हायेत."

"अगं मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही इचारलं नाय, काकू. आन् मला काय माहीत तुम्ही त्यालाच जेवू घालताय. मला वाटलं, गणपतीच्या पोटी कुणीबी चालतं."

दिवस कलताना तिघी बरडावर गेल्या. पदरात सरोजिनीबाईंनी त्या वेगळ्या वाटीतली बाजरी घेतली होती. कालव्याच्या अलीकडे हिरव्या बागांवर बागा, आणि पूल ओलांडला की एकदम तांबूस मुरूम, खुरटं पिवळं गवत आणि वारा. मुरमाच्या उतारावर जागोजागी लहान लहान गोल खुणा होत्या, भुसभुशीत मातीने बुजलेल्या. सगळी दारं लावलेली. पायऱ्यापायऱ्यांच्या वस्तीत दुपारी निजानीज असावी तशी.

जवळच्या दारापाशी सरोजिनीबाई वाकल्या. मूठ उघडणार, तेवढ्यात त्यांना दिसलं, दाराबाहेर गवताच्या बियांची फोलपटं पसरली होती. ताजी. पोटभर जेवून कुणीतरी उठलं होतं. ही त्याची पंगत कुणी वाढली नव्हती. त्या भिंतीतल्यालाही वाढली नव्हती. आपली मूठ नव्हती तेव्हाही तो जेवत होता, आणि मूठ चुकीच्या दारी पडत होती तेव्हाही.

त्यांनी मूठ मिटली. मागे सरकून तिघी एका खडकाशी बसल्या. तानुबाईने तोंडाला पदर लावला. सूर्य डोंगराआड गेला, माळ करडा झाला, आणि त्या समोरच्या दाराची माती हलली. आधी एक कण घरंगळला. मग दोन. मग मातीचा तो बोळा आतून मऊपणे ढळला आणि त्या जागी एक नाक आलं, मिशा आल्या, आणि काजळ घातलेले दोन मोठे डोळे.

डोळ्यांतलं नवं भिंग सरोजिनीबाईंना एकेक केस दाखवत होतं. दुपारी नदीकाठी जे दार त्यांनी बंद पाहिलं, तेच जणू आता उघडत होतं.

तो पूर्ण बाहेर आला, उभा राहिला, शेपटीचा झुपका वाऱ्याला हलला. मग खाली वाकून त्याने एक बी उचललं, पुढच्या दोन हातांत धरलं. त्याबरोबर सरोजिनीबाईंनी मान वळवून घेतली.

"मावशी, बघ ना," यशश्री कुजबुजली. "खातोय तो."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "दार उघडताना पाहिलं. पुष्कळ झालं."

उतरताना त्यांनी विचारलं, "पुन्हा कधी येईल का गं खाली, निंबापाशी?"

"येईलही. जमीन पुन्हा कोरडी झाली तर. पण मावशी, ते आपल्या हिशेबात नाही. तू नसशील, मी नसेन. बहुतेक मळाही नसेल."

"आणि ही घूस? तीही एकदा येऊन गेलेली आहे म्हणालीस, त्या काळ्या थरात."

"तसं दिसतंय."

सरोजिनीबाईंनी मान डोलावली. शरच्चंद्र बॅटरी घेऊन पुलापाशी उभे होते, थंडीने कानाला मफलर. बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हात पुढे केला.

चतुर्थीच्या सकाळी कोंडाजी औषधाची पुडी घेऊनच आला. सरोजिनीबाई निंबाखाली होत्या, गणपतीला दूर्वा वाहून झाल्या होत्या. यशश्री पिशवी भरून निघायच्या तयारीत बांधावर उभी होती.

"काकू, आज चतुर्थी."

"हो रे. आहे लक्षात." त्यांनी हाताने निंबाच्या सावलीभोवती एक वळसा दाखवला. "एवढ्यात टाकायचं नाही. बांधापलीकडे तुझी बाग, तिथे तू काय करायचं ते कर, मी विचारणार नाही. एवढा कोपरा सोड."

"अहो पण घूस हे ती! तुम्हीच म्हणालात ना, तो गेला म्हणून?"

"गेला. मातीने त्याला नको म्हटलं, हिला ये म्हटलं. याआधीही असंच झालंय, मी खाली बघून आले." त्या शब्द शोधत थांबल्या. "कोंडाजी, तो परत येईल तेव्हा आपण कुणी नसू. पण आल्यावर इथे मूठ पडत असली पाहिजे. मध्येच बंद केली तर पुढच्यांना कोण सांगणार, इथे द्यायची असते म्हणून? तोवर जो घरात असेल तो खाईल."

कोंडाजीने यशश्रीकडे बघितलं, शिकलेलं माणूस म्हणून ती तरी काही बोलेल या आशेने. यशश्री खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागली.

"तोवर म्हंजे किती, काकू?"

"हिला विचार. तिने माती तपासायला दिली आहे."

कोंडाजीने पुडी खिशात घातली. "माझ्या नळ्या मात्र तोवर टिकायच्या नाय," असं पुटपुटत तो निघाला. बांधावरून ओरडून म्हणाला, "कोपऱ्यातली नळी मी आखडून घेतो, काकू. तेवढाच कोपरा वाळंल जरा."

सरोजिनीबाई उघड्या, रुंद, ओल्या तोंडाच्या बिळापाशी वाकल्या. दार नव्हतं. आत काळोख होता, आणि काळोखाच्या खाली काळी माती, तिच्याखाली वाळू, तिच्याखाली पुन्हा काळी, आणि अगदी तळाशी पिवळ्या मातीत एक लावलेलं दार. त्यांनी मूठ उघडली. बाजरीचे दाणे ढेकळांवर पडले.

वाहना, जेवून घे.

त्या वळल्या आणि मागे न बघता घराकडे चालू लागल्या. आज जेवण चंद्रोदयानंतरच होतं, पण चहाला हरकत नव्हती. ओसरीवर शरच्चंद्र बसले होते. त्यांना लांबूनच बायकोच्या पदराचं मोकळं टोक दिसलं, आणि ते उठून आत आधण ठेवायला गेले.